टॅबमध्ये साठ शब्द, टॅबबाहेर चार (ऑटिझम, भाषा आणि गेम्स)

ओंजळ

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मुलगा पाच वर्षांचा. साडेतीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) दोन्ही चालू आहे. शिवाय आठ महिन्यांपासून टॅबवर शब्द शिकवणारा एक गेम वापरतोय. चार चित्रं येतात, एक बाई विचारते, "कुत्रा कुठे आहे?", बरोबर चित्रावर बोट टेकवलं की फुगे उडतात आणि बाई "शाबास!" म्हणते. साठ शब्द तो आता न चुकता ओळखतो. मी वहीत तारखेसकट लिहून ठेवलेत.

परवा बाहेर फिरताना एक खराखुरा कुत्रा समोरच येऊन बसला. आयतीच संधी म्हणून मी विचारलं, "कुत्रा कुठे आहे?" तर हा माझ्या पिशवीत हात घालून टॅब शोधायला लागला. हसावं की रडावं कळेना.

टॅबबाहेर तो आपणहून चारच गोष्टी बोलतो. "तुला पाणी हवंय?" (म्हणजे त्याला हवंय), "झालं", "मी येते" (मुलगा असून 'येते', कारण मी तसं म्हणते) आणि "शाबास!". हे शेवटचं थेट गेममधल्या बाईच्या आवाजात, तिच्या हेलासकट.

नवरा म्हणतो, शिकतोय ना, मग त्याच गेमचा पुढचा भाग घेऊ, त्यात तीनशे शब्द आहेत. माझं मन घेत नाही. तीनशे शब्द टॅबमध्येच राहणार असतील तर काय उपयोग? तुमच्यापैकी कुणाचा अनुभव?

---

वाचनमात्र

अनुभव नाही, पण पिशवीतला टॅब वाचून पोटात कालवलं. वाचतेय.

---

काना_मात्रा

ओंजळताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे. तुमच्या मुलाला तपासलेलं नाही, तेव्हा सल्ला म्हणून नका घेऊ, गप्पा म्हणून घ्या. बाकी त्याच्या थेरपिस्टशी बोलाच.

आधी नवऱ्याच्या बाजूने. संगणकावर शब्द शिकता येतात हे खरंच आहे. २००० साली मूर आणि कॅल्व्हर्ट यांनी ३ ते ६ वयाच्या १४ ऑटिस्टिक मुलांना काही शब्द शिक्षकाकडून आणि काही संगणकावरून शिकवले. शिक्षकाकडून सुमारे ४१ टक्के शब्द आले, संगणकावरून ७४ टक्के. लक्षही संगणकाकडे कितीतरी जास्त. २००३ मध्ये बॉसलर आणि मॅसारो यांनी 'बाल्डी' नावाचा बोलता चेहरा वापरला, संगणकावर काढलेला. त्याच्याकडून शिकलेले बहुतेक शब्द मुलांना महिनाभरानंतरही आठवत होते. म्हणजे तुमचे साठ शब्द खोटे नाहीत.

आता तुमच्या बाजूने. प्रायस्लर यांचा २००८ चा एक प्रयोग आहे, मी प्रत्येक पालकाला तो सांगते. फारसं न बोलणाऱ्या ऑटिस्टिक मुलांना एका अनोळखी वस्तूचं चित्र दाखवून तिचं नाव शिकवलं. मग समोर ते चित्र आणि ती खरी वस्तू, दोन्ही ठेवून नाव घेतलं. बरीचशी मुलं फक्त चित्र उचलायची. त्यांच्या लेखी ते नाव त्या कागदाचं होतं, चित्रात जी वस्तू आहे तिचं नाही.

तुमच्या मुलाने अगदी तेच केलं. तुम्ही 'कुत्रा' म्हणालात आणि त्याच्या जगात कुत्रा टॅबमध्ये राहतो. तो चुकला नाही हो, त्याने बरोबर उत्तर आणायला हात घातला होता.

---

ओंजळ

असा विचारच केला नव्हता. मी उगाच ओरडले त्याच्यावर त्या दिवशी.

---

शंकासुर

धाग्यात जरा विरजण घालतो, माफी असावी.

माझा पुतण्या ऑटिस्टिक आहे. वहिनीला एका ठिकाणी 'मेंदूला भाषेसाठी तयार करणारा' गेम वर्षाची वर्गणी घेऊन गळ्यात मारला. दर महिन्याला रंगीत आलेख यायचा, तो कायम वरच जायचा. घरात मूल होतं तिथेच. वर तिथल्या बाई म्हणाल्या, अशा गेमला अमेरिकेत सरकारी मान्यता आहे. म्हणून मी शोधाशोध केली. जून २०२० मध्ये एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, एका व्हिडिओ गेमला उपचार म्हणून परवानगी दिली हे खरं. पण तो ८ ते १२ वर्षांच्या, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेल्या मुलांच्या अवधानासाठी. ऑटिझम नाही, भाषा तर नाहीच. एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यात.

अभ्यासांचंही तसंच. २०२० चाच एक गाजलेला निबंध आहे, 'मीटा' या ॲपवरचा. ६,४५४ मुलं, तीन वर्षं, आणि निष्कर्ष असा की ॲप वापरणाऱ्यांची भाषा तुलनेतल्या मुलांपेक्षा २.२ पट सुधारली. कल्पना मला आवडली: शब्द घोकून घेण्याऐवजी रंग, आकार, जागा यांचे तुकडे मनात जुळवायला लावायचे. पण नोंदी पालकांनीच भरलेल्या, गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नाहीत, आणि निबंध लिहिणाऱ्यांत ॲप बनवणारेच आहेत. जे आईबाप तीन वर्षं नेमाने मुलाला घेऊन बसतात ते इतर वेळी काय करत असतील, याचा हिशेब कुठे?

उलट २०१६ मध्ये फ्लेचर-वॉटसन आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून गट पाडले. सहा वर्षांखालची ५४ मुलं, आयपॅडवरचा गेम, माणसांकडे लक्ष देणं हा विषय. मुलं आवडीने खेळली. पण आईवडिलांबरोबर प्रत्यक्ष खेळताना दोन्ही गटांत फरक दिसला नाही. हा निकाल त्यांनी सरळ छापला, याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे.

म्हणून माझं मत, तीनशे शब्दांवर खर्च करू नका.

---

काना_मात्रा

शंकासुर, विरजण नाही, दहीच लागलं. सगळ्याशी सहमत.

फक्त एक पुस्ती. मुलं संगणकावर शब्द पटकन का उचलतात? १९९७ मध्ये बॅरन-कोहेन, बाल्डविन आणि क्राउसन यांनी दाखवलेली गोष्ट बघा. मूल एका नव्या खेळण्याकडे बघतंय आणि मोठं माणूस दुसऱ्याच खेळण्याकडे बघत नवीन नाव घेतंय. एरवी लहान मुलं मान वळवून बोलणाऱ्याची नजर बघतात आणि ते नाव त्या दुसऱ्या खेळण्याला लावतात. ऑटिस्टिक मुलांपैकी बऱ्याच जणांनी ते स्वतःच्या समोरच्या खेळण्यालाच लावलं. आता विचार करा, दिवसभर घरात असं किती वेळा होत असेल! आपण दाराबद्दल बोलतोय, मूल पंख्याकडे बघतंय, 'दार' जाऊन पंख्याला चिकटलं.

स्क्रीनवर हा घोटाळाच होत नाही. बघायला एकच जागा, आवाज तिथूनच. म्हणून सोपं जातं. आणि म्हणूनच नजर शोधायचा सराव तिथे शून्य होतो. जी फळी लावून आपण त्याला पलीकडे नेतो, त्याच फळीवर तो बसून राहतो.

दुसरं म्हणजे "कुत्रा कुठे आहे?" याला उत्तर म्हणून बोट पुरतं. तो गेम वर्षभर खेळला तरी त्याला कुणाला काही सांगायची वेळच येत नाही. तीनशे शब्दांच्या भागातही येणार नाही.

---

अर्धविराम

मुलांचे गेम बनवणाऱ्या टीममध्ये काही वर्षं काम केलंय, म्हणून आतली गोष्ट सांगते. 'बरोबर चित्र निवडा' हाच प्रकार जिकडेतिकडे का दिसतो? कारण तो मोजता येतो. दहापैकी आठ, आलेख वर, पालक खूश. मुलाने आईकडे वळून बघितलं हे टॅबला कळत नाही, मग ते आलेखात कुठून येणार? शंकासुरच्या वहिनींचा आलेख खोटा नसणार. तो फक्त टॅबवरच्या बोटांचा आलेख होता.

आणखी दोन गोष्टी. चुकल्यावर वाजणारा आवाज मजेशीर असेल तर मुलं मुद्दाम चुकतात. आम्ही 'भोंss' असा आवाज ठेवला होता, चाचणीला आलेलं एक पोरगं वीस मिनिटं फक्त भोंगा वाजवत होतं, खिदळत. आम्ही त्याला 'शून्य गुण' दिले. त्या खोलीत खरा खेळ तेवढा एकच चालला होता.

आणि माइकवर बोलून खेळायचे गेम जपून घ्या. आवाज ओळखणारी यंत्रणा मुख्यतः मोठ्यांच्या स्पष्ट बोलण्यावर घडलेली असते. लहान मूल, त्यात उच्चार कच्चे. मूल बरोबर बोलतं आणि यंत्र 'पुन्हा प्रयत्न कर' म्हणतं. चारदा असं झालं की मूल गप्प.

---

ओंजळ

@अर्धविराम, आमच्याकडेही भोंगा आहे! मला वाटायचं त्याला तो शब्द येत नाही.

मग करू काय? टॅब बंद करू? तो एवढा आनंदात दुसऱ्या कशातच नसतो, तेही जिवावर येतं.

---

काना_मात्रा

बंद कशाला? मी माझ्याकडच्या पालकांना काय करायला लावते ते सांगते, बघा पटतंय का.

भाषा शिकवणारा गेम बाजूला ठेवा. भाषा नसलेला गेम घ्या. गाडी पुलावरून जाते, बुडबुडा फुटतो, नळ सोडला की बादली भरते, असं काहीतरी बाळबोध. एक कृती, एक परिणाम, घड्याळ नाही, गुण नाहीत, मध्ये जाहिराती नाहीत. आवाज पूर्ण बंद करा. आता त्या गेमचा आवाज तुम्ही.

शेजारी नको, शक्यतो समोर किंवा कोनात बसा, म्हणजे मान वर केली की तुमचा चेहरा दिसेल. प्रश्न विचारू नका. "हे काय आहे? कुठला रंग?" एकदम बंद. जे घडतंय ते एकाच शब्दात, दर वेळी त्याच चालीत म्हणा. आठवडाभर तोच शब्द. मग एके दिवशी त्या क्षणी गप्प राहा आणि मनात दहा आकडे मोजा. दहा आकडे फार मोठे असतात, आईबापांना चारच्या पुढे जाता येत नाही. त्याने शब्द म्हटला, बघितलं, हात ओढला, काहीही केलं तरी ते उत्तर समजा आणि खेळ लगेच पुढे न्या.

---

एकांडा

मी ऑटिस्टिक आहे, वय ३४, निदान २७ व्या वर्षी. सहसा अशा धाग्यांवर लिहीत नाही, कारण शेवटी मीच समजूत काढत बसतो. पण 'गप्प राहा आणि थांबा' वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

लहानपणी माझे खेळ शब्दांसाठी ओलीस ठेवले जायचे. हातातली गाडी काढून घ्यायची आणि "आधी बोल, मग मिळेल". निदान नव्हतं, फक्त 'घुमा आहे, बोलतं करायला हवं' एवढंच होतं. मी बोलायला शिकलो, पण खेळायचं सोडलं. मागून घ्यावं लागणार असेल तर नकोच, असं काहीतरी आत बसलं. अजूनही दुकानात विचारण्यापेक्षा मी वस्तू न घेता बाहेर पडतो.

गेम हीच जागा अशी आहे जिथे कुणी माझ्याकडून काही काढून घ्यायला टपलेलं नसतं. तिथेही तुम्ही थेरपी घेऊन आलात तर मुलाने जायचं कुठे?

---

काना_मात्रा

एकांडा, थांबून लिहिलंत म्हणून आभार. खंडणी आणि खेळ यांतली रेघ पुसट आहे, आणि आमच्या व्यवसायात ती ओलांडली गेली आहे, आजही जाते. नाकारत नाही.

मी जे म्हणते त्यात गेम काढून घ्यायचा नाही, अडवायचाही नाही. खेळात आपसूक येणारी थांबायची जागा असते, गाडी येतेय आणि पूल अजून उघडायचाय, तिथे फक्त आपण बोलायचं थांबायचं. मुलाने काहीच केलं नाही तरी गाडी जाणारच. आणि टॅबवरचा काही वेळ पूर्ण त्याचा, तेव्हा मी आई असले तरी खोलीत पाय ठेवणार नाही, असं ठरवून टाकायचं.

---

एकांडा

"काहीच केलं नाही तरी गाडी जाणारच" हे चालेल मला. मूळ प्रतिसादात ते नव्हतं.

आणि एक. 'शाबास' आणि 'तुला पाणी हवंय?' याला लोक पोपटपंची म्हणतात. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनरने १९४३ मध्ये आपल्या पहिल्या ११ ऑटिस्टिक मुलांबद्दल लिहिलं तेव्हाही त्याने हेच टिपलं होतं, मुलं स्वतःला 'तू' म्हणतात, जसं ऐकलं तसं. पण त्यात अर्थ असतो. मला अजून ताण आला की जुन्या गेममधलं एक वाक्य तोंडात येतं. घरच्यांना आता कळतं की हा दमलाय.

ओंजळताई, तो 'शाबास' कधी म्हणतो, ते बघा एकदा. काय म्हणतो ते सोडा.

---

काना_मात्रा

+१. प्रिझंट आणि डुशान यांनी १९८१ मध्ये तात्काळ प्रतिध्वनीची, म्हणजे ऐकलेलं लगेच तसंच म्हणण्याची, सात वेगवेगळी कामं नोंदवली होती: होकार, मागणी, आपली पाळी घेणं, वगैरे. इकोलालिया (ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं) म्हणजे रिकामा आवाज, हे तेव्हाच मागे पडायला हवं होतं.

---

बोटभर

माझी मुलगी नऊ वर्षांची, तोंडाने बोलत नाही. टॅबवर चित्रांचं बोलकं ॲप वापरते, चित्र दाबलं की टॅब बोलतो. धाग्याचा विषय गेम आहे, पण आम्ही गेममधूनच तिथे पोचलो म्हणून लिहितो.

तिला बुडबुडे फोडायचा गेम आवडायचा. थेरपिस्टने दुसऱ्या टॅबवर दोनच बटणं ठेवली: 'अजून' आणि 'बास'. गेम माझ्या हातात, बटणं तिच्या. दोन महिने ती फक्त 'अजून' दाबायची. मग एकदा मी माझ्या नादात फोडत बसलो होतो, तिने 'बास' दाबलं आणि टॅब माझ्याकडून घेतला. आयुष्यात कुणी मला गप्प केल्याचा इतका आनंद झाला नव्हता. आज तिच्याकडे चारशेच्या वर चित्रं आहेत. जास्तीत जास्त वापरते ते 'नको'.

सगळे घाबरवायचे की यंत्र दिलं तर तोंडाने बोलणार नाही. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी जुने अभ्यास चाळले होते. ज्या २७ जणांचा पुरावा भक्कम होता त्यांत एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडं वाढलंच. २०१४ मध्ये कॉनी कसारी यांच्या गटाने ५ ते ८ वर्षांच्या, अगदी मोजकं बोलणाऱ्या ६१ मुलांवर काम केलं. त्यात ज्यांच्या खेळाच्या थेरपीत पहिल्या दिवसापासून बोलकं यंत्र होतं ती मुलं आपणहून जास्त बोलायला लागली. माझी अजून तोंडाने बोलत नाही. पण बोलते.

एक सावधगिरीची सूचना. मुलाचा हात किंवा कोपर धरून किंवा अक्षरांचा तक्ता त्याच्यापुढे धरून 'तोच लिहितोय' असं सांगणारे लोक भेटतील. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने, आशाने, २०१८ मध्ये याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आहे. लिहिणारा हात दुसऱ्याचाच निघतो. मुलीचं बोट मी कधीच धरत नाही, चुकीचं चित्र दाबलं तरी.

---

वाचनमात्र

एक बाळबोध प्रश्न. बहुतेक गेम इंग्रजीत असतात आणि घरात मराठी. गोंधळ होत नाही का मुलाचा?

---

काना_मात्रा

दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांची भाषा आणखी मागे पडते असं दिसलेलं नाही. हॅम्बली आणि फोंबोन यांनी २०१२ मध्ये हेच तपासलं होतं. घरची भाषा सोडून मुलाशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणारे आईबाप बघितले की मला गलबलतं. ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागावता येतं, ती सोडू नका. आणि आवाज बंद केला की गेम कुठल्या भाषेतला हा प्रश्नच मिटतो.

---

शंकासुर

आणि स्क्रीन टाइम? कुणीच बोललं नाही अजून.

---

अर्धविराम

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांत २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, कमी तितकी बरी, असं आहे. धाग्यातला मुलगा पाचचा. मिनिटं मोजाच, पण त्यातली किती मिनिटं दोघं होतात तेही मोजा.

अवांतर: मूल सारखं गेममधून बाहेर पडत असेल तर आयपॅडवर 'गाईडेड ॲक्सेस' आणि अँड्रॉइडवर 'ॲप पिनिंग' चालू करा. एकाच ॲपमध्ये राहतं.

---

ओंजळ

सहा आठवड्यांनी धागा वर काढतेय.

एकांडा, तुमचं ऐकून आधी 'शाबास' ची नोंद ठेवली. वही तीच, शब्दांच्या मागच्या पानांवर. दहा दिवसांत तेवीस वेळा. त्यातल्या एकोणीस वेळा काहीतरी संपलं होतं: बूट घालून झाले, दार लागलं, मिक्सर बंद झाला. तो कौतुक करत नव्हताच. गेममध्ये फेरी संपली की बाई 'शाबास' म्हणते, म्हणून त्याच्या भाषेत 'शाबास' म्हणजे 'संपलं'. आठ महिने मी त्याला "हो, तू शाबास!" असं उत्तर देत होते. आता "हो, संपलं" म्हणते. तो माझ्याकडे बघतो. एवढंच, पण बघतो.

गेम बदलला. आगगाडी आहे, पूल आहे, बोटाने पूल उचलायचा, गाडी जाते. आवाज बंद. मी समोर बसून म्हणते, "आली... आली... गेलीss!" रोज दहा मिनिटं. मग अर्धा तास टॅब त्याचा, मी खोलीबाहेर.

पहिले दोन आठवडे काही नाही. मी म्हणजे खोलीतला पंखा. पंधराव्या की सोळाव्या दिवशी मी "आली... आली..." म्हणून गप्प बसले. मोजत होते. सातला त्याने माझं बोट धरून पुलावर ठेवलं. मी पूल उचलला, गाडी गेली. तीन दिवसांनी तो "गेली" म्हणाला, अगदी हळू, माझ्या चालीत, शेवटचा 'ली' लांबवून.

त्यानंतर 'गेली' सगळीकडे. न्हाणीघरात बादली कलंडली, पाणी वाहून गेलं, "गेलीss". बॉल पलंगाखाली, "गेलीss". फुगा फुटला, "गेलीss". एका संध्याकाळी अचानक अंधार झाला आणि तो शांतपणे म्हणाला, "गेलीss". त्या वेळी मात्र व्याकरणसुद्धा बरोबर होतं!

@काना_मात्रा, एक विचारायचंय. पाणी 'गेलं', बॉल 'गेला' असं सुधारून सांगू का? की उगाच घोळ होईल?

---

काना_मात्रा

वाचून अंगावर काटा आला. 'शाबास' ची नोंद तर मी माझ्या विद्यार्थ्यांना दाखवणार आहे, परवानगी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सुधारू नका. 'गेली नाही, गेलं' असं म्हटलं तर त्याला फक्त 'नाही' ऐकू येईल. त्याच्या मागोमाग सहज म्हणा, "हो, पाणी गेलं." पुन्हा म्हणायला लावू नका. सध्या 'गेलीss' हा त्याच्यासाठी एक अख्खा ठोकळा आहे, गाडीसकट, चालीसकट. तो ठोकळा फुटतोय की नाही हे कळायला मराठी फार सोयीची आहे. इंग्रजीत गाडी, पाणी, बॉल सगळ्यांना एकच क्रियापद. आपल्याकडे ज्या दिवशी तो कुणीही न सांगता 'गेला' किंवा 'गेलं' म्हणेल, त्या दिवशी समजा की शब्द पाठ नाही, त्याने जुळवलाय. घाई नाही. महिने लागतील, कदाचित जास्त.

'मी येते' वरही लक्ष ठेवा. ते ज्या दिवशी 'येतो' होईल त्या दिवशी वेगळा धागा काढा.

---

शंकासुर

मी वहिनीला हा धागा पाठवलाय. तिने काल आवाज बंद करून बघितला, पुतण्याने उठून आवाज परत चालू केला. तीनदा.

---

काना_मात्रा

मग त्याला आवाजच आवडतो! वहिनींना सांगा, चालू ठेवा, आणि त्या आवाजाची नक्कल करा. त्याच्यापेक्षा वाईट.

---

ओंजळ

महिना झाला, पुन्हा मीच.

काल सकाळी नवरा निघाला. टॅब चार्जिंगला होता, आत. हा दाराशी बसून बुटांच्या नाड्या ओढत होता. दार लागलं. मी स्वयंपाकघरात, पाठमोरी. मागून आवाज आला, "बाबा गेला."

'गेलीss' नाही. माझी चाल नाही. 'बाबा' सुद्धा त्याने याआधी कधी जोडून म्हटलेलं नाही.

मी वळून म्हटलं, "हो, बाबा गेला." मग पळत जाऊन जिन्यातून नवऱ्याला परत बोलावलं. तो वर आला, मुलाने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "शाबास." आता याचा अर्थ लावणं चालू आहे.

वहीत लिहिलंय. तारीख, वेळ आणि पुढे, 'टॅब बंद होता'.

---

बोटभर

माझ्या मते अर्थ सरळ आहे. गेला म्हटल्यावर परत यायचं नसतं. तो विषय संपला होता.

---

एकांडा

सहमत. मीही तेच म्हणालो असतो.

---

काना_मात्रा

आणि ताई, कुणी कितीही म्हटलं तरी एवढ्यात 'बाबा गेले' म्हणायला शिकवू नका हं. आदर नंतर बघू.